डबल बेल

फोटो काळा-पांढरा होता, थोडा दाणेदार. रस्त्यावरच्या कमानीवरून, समोरून काढलेला. काचेपलीकडे अण्णा दिसत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, सारख्या उंचीला, ताठ. पांढरा शर्ट, खिशाला पेन. आणि उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत तो शर्ट अगदी कोरा. शेजारी आई, मांडीवर स्टीलचा डबा, डब्याचं झाकण हातात. बहुतेक ती त्यांना विचारत असावी, धपाटं आत्ता खाणार की घाट उतरल्यावर.

अण्णांच्या गाडीच्या कागदपत्रांवर मोबाइल नंबर माझा आहे, म्हणून ई-चलानाचा मेसेज मला आला. शाळेची मधली सुट्टी चालू होती. हल्ली खोट्या चलानांच्या लिंका फिरतात, त्यामुळे मी आधी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून खात्री केली. चलान खरं होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सकाळची वेळ, गुन्हा: चालकाने सीटबेल्ट न लावणे. दोघं कराडहून डोंबिवलीला, माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळाच्या बारशाला निघाले होते.

अण्णांनी ३२ वर्षं एसटी चालवली. कराड आगार. पाटणच्या खोऱ्यातल्या मुक्कामी गाड्या, पावसाळ्यातलं धुकं, कोसळलेल्या दरडी, जत्रेची गर्दी. कंडक्टरनं दोरी ओढून डबल बेल दिल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नाही. एक टोला थांबायला, दोन निघायला. मागे दार लागलंय, म्हातारी चढलीय, पोरगं उतरलंय, हे त्या दोन टोल्यांतून त्यांना कळायचं. विना अपघात सेवेबद्दल मिळालेला बिल्ला आमच्या देवघराशेजारच्या फडताळात आहे आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं. अशा माणसाला मी त्या संध्याकाळी फोन करून सांगितलं, की अण्णा, तुम्ही वाहतुकीचा नियम मोडलात म्हणून दंड आलाय.

दंडाच्या पैशांचं त्यांना काही वाटलं नाही. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हवालदारानं हात केला असता तर मी थांबलो असतो. चार शब्द बोलला असता, ऐकून घेतले असते. ह्यो वरनं फोटो काढणारा कोण?"

त्यांच्या आवाजात राग कमी होता, दुखावलेपण जास्त होतं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

द्रुतगती मार्गावरून तुम्ही गेला असाल तर त्या कमानी पाहिल्या असतील. या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि वर लेनकडे तोंड करून बसवलेले कॅमेरे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या या रस्त्यावर महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची ‘आयटीएमएस’ ही कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा जुलै २०२४ पासून चलानं काढू लागली. वेग मोजणं हे कॅमेऱ्याचं जुनं काम. काचेतून आत पाहणं हे नवं. जगभर अशा कॅमेऱ्यांत डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश वापरतात, म्हणजे रात्र असो की पाऊस, चालकाचे डोळे न दिपवता आतलं दिसतं. एक फोटो नंबरप्लेटचा, एक आतल्या माणसांचा.

मग संगणक तो फोटो पाहतो. पाहतो म्हणजे काय करतो, हे मी नववीच्या मुलांना सांगते तसंच सांगते. त्याला आधी हजारो फोटो दाखवलेले असतात, यात पट्टा आहे, यात नाही, असं प्रत्येकावर लिहून. त्यावरून तो आपल्या खुणा आपणच शोधून काढतो. छातीवरून तिरकी उतरणारी एक पट्टी, सरळ कडांची, साधारण इतक्या रुंदीची. पट्टा कशासाठी असतो, तो कुणाला धरून ठेवतो, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. त्याला तिरकी पट्टी ठाऊक असते आणि ती किती खात्रीनं दिसली याचा एक आकडा.

अण्णांचा आणि पट्ट्याचा इतिहास या कॅमेऱ्यापेक्षा जुना आहे. गाडी घेतल्यापासून त्यांची एक ठरलेली रीत होती. तळेगावचा टोल नाका दिसायला लागला, की उजव्या हातानं पट्टा ओढायचा, छातीवरून आणायचा आणि खटक्यात न अडकवता मांडीखाली दाबून ठेवायचा. नाका मागे पडला की मांडी जराशी उचलायची, पट्टा सर्रकन जागेवर जायचा. ही रीत एकट्या अण्णांची नाही. आपल्याकडे निम्मे काका, मामा आणि भाड्याच्या गाड्यांचे चालक हेच करताना मी पाहिलेत. हवालदाराला दाखवण्यापुरता पट्टा. त्यांच्या जुन्या गाडीत पट्ट्यासाठी वाजणारा बझरही नाही. तो जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. आणि ज्यांच्या गाडीत तो वाजतो, त्यातल्या काहींनी बझरचं तोंड बंद करण्यासाठी नुसतं बक्कल विकत आणलेलं असतं. माझ्या एका चुलतभावाच्या नव्या गाडीत मी ते पाहिलं, छान चकचकीत, गाडीच्या कंपनीचं चिन्ह कोरलेलं. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना अशी बक्कलं काढून टाकायला लावली, तेव्हा १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. तेरा हजारांवर! जीव वाचवणाऱ्या वस्तूला गप्प बसवण्यासाठी.

मी अण्णांशी वर्षानुवर्षं वाद घातला. विज्ञान शिकवते, तर त्याच्या आधारानं घातला. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. गाडी कशावर तरी आदळून थांबते, पण आतला माणूस थांबत नाही, तो त्याच वेगानं पुढे जातच राहतो. त्या वेगानं काचेवर जाणं म्हणजे २० मीटर उंचीवरून, सहाव्या-सातव्या मजल्यावरून खाली पडणं. हे गणित मी त्यांना वहीवर करून दाखवलंय. निल्स बोलिनची गोष्टही सांगितलीय. हा स्वीडनचा अभियंता आधी लढाऊ विमानातून वैमानिकाला सुखरूप बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा. मग व्होल्वोत आला आणि १९५९ साली त्यानं आजचा तीन ठिकाणी धरणारा पट्टा केला. त्याची खटपट एवढीच होती, की माणसाला तो एका हातानं, क्षणात लावता यावा. आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. अण्णा शांतपणे ऐकायचे. मग म्हणायचे, "एसटीत कुठं होता पट्टा? काय झालं मला?"

त्यांना काही झालं नाही. ज्याला झालं, त्याचं नाव या वादात आम्ही कधी काढत नसू.

माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, २०११ च्या जानेवारीत गेला. लग्नाला कोल्हापूरकडे निघाले होते, भाड्याची गाडी. साखर कारखान्यांचा हंगाम. संध्याकाळी अंधारून आल्यावर महामार्गावर उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आमच्या भागात अशा ट्रॉलीनं घर मोडलेलं नाही असं गाव सापडणार नाही. गाडी ट्रॉलीच्या मागच्या बाजूला लागली. चालकानं पट्टा लावला होता, कारण पुढे पोलीस चौकी होती. त्याचा हात मोडला. त्याच्या शेजारी मामाचा मुलगा बसला होता, तेव्हा तो अकरावीत होता, त्यानंही लावला होता. मामा त्याच्या बरोबर मागे. मागच्या सीटवर पट्टा लावायचा असतो हे मामाला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. मी तेव्हा तीन वर्षं शाळेत न्यूटनचे नियम शिकवत होते.

मामा पुढच्या सीटवर जाऊन आदळला. त्याच रात्री गेला. मामेभावाच्या मानेला दुखापत झाली, कित्येक महिने कॉलर होती. गाडी तर पुढून ठोकली होती, त्यानं पट्टा लावलेला होता, मग मानेला मागून मार कसा बसला, हे त्याला घरात कुणी सांगितलं नाही. मोठा झाल्यावर त्यानं ते आपलं आपण जुळवलं. आमच्यात त्यावर एकदाच बोलणं झालं आहे आणि ते मी इथं लिहिणार नाही.

मामाची पिशवी आणायला मी आणि अण्णा पोलीस ठाण्याच्या आवारात गेलो होतो. गाडी एका भिंतीशी लावून ठेवलेली. मागच्या सीटवर लाल टर्किशचं कव्हर होतं, टॅक्सीवाले घालतात तसं, कोपऱ्यांत नाडीनं घट्ट बांधलेलं. पिशवी सीटच्या खाली सरकली होती, ती ओढताना कव्हर वर आलं आणि खाली दोन बक्कलं दिसली. सीटच्या फटीत उभी दाबलेली. एकावर कारखान्यातून आलेलं पातळ प्लास्टिकचं आवरण अजून तसंच होतं, कडेला पिवळं पडलेलं. गाडी सहा वर्षांची असेल. सहा वर्षांत त्या मागच्या सीटवर शेकडो माणसं बसून गेली असतील, देवाला, लग्नाला, दवाखान्यात. एकानंही ते प्लास्टिक काढलं नव्हतं. अण्णांनी कव्हर पुन्हा नीट खाली ओढलं, का कोण जाणे, आणि आम्ही निघालो.

यानंतर तीन वर्षांनी, ३ जून २०१४ च्या सकाळी, दिल्लीत विमानतळाकडे निघालेले गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात मंत्री होऊन आठ दिवस झाले होते, बीडला त्यांच्या सत्काराची तयारी चालली होती. तेही मागच्या सीटवर होते. तेव्हाचे आरोग्यमंत्री आणि त्यांचे मित्र डॉ. हर्षवर्धन यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की मागच्या सीटवर पट्टा लावला असता तर ते वाचले असते. मला आठवतं, आमच्या शिक्षकांच्या खोलीत बीडकडच्या एक बाई टीव्हीसमोर बसून रडत होत्या. त्या दिवशी आम्ही सगळे सिग्नलबद्दल बोललो, समोरच्या गाडीबद्दल बोललो, घातपाताच्या शंकेबद्दलही बोललो. पट्ट्याबद्दल कुणी बोललं नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. दोघंही मागे बसलेले, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे वाचले. उत्तमातली उत्तम गाडी होती. तेव्हा कुठे ‘मागचा पट्टा’ हे शब्द आपल्या बातम्यांत आले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. नियम नवा नव्हता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १३८ व्या नियमात, पुढे तोंड करून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला सांगितलेलं होतंच. तो नियमही त्या लाल कव्हराखालीच होता म्हणायचा.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात पट्टा न लावता गेलेल्यांचा आकडा १६,७१५ आहे. त्यातले ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. जवळजवळ निम्मे निम्मे. आपण भांडतो ते चालकाशी. दंड, फोटो, बझर, सगळं त्याच्याभोवती फिरतं. आणि आपली लाडकी माणसं, म्हातारी आई, आजारी मामा, झोपलेलं पोर, ‘मागं आरामात बस’ म्हणून आपणच मागे बसवतो.

आता फोटोकडे परत येते, कारण त्यात मला आधी न दिसलेली एक गोष्ट होती.

पुढच्या रविवारी मी कराडला गेले, तेव्हा अण्णांनी तो फोटो मागितला. माझ्या मोबाइलवर त्यांना नीट दिसेना, म्हणून मी चौकातल्या दुकानातून मोठी प्रिंट काढून आणली. चष्मा पुसून ते टेबलाशी बसले. पहिलं वाक्य, "हात बरोबर हायत बघ." खरोखरच होते. मग त्यांचं बोट शेजारच्या सीटवर गेलं. "आणि ही? हिनं कुठं लावलावता? हिचं का न्हाय लिहिलं?"

मी वाकून पाहिलं. चलानात फक्त चालकाचा उल्लेख होता. आई त्या दिवशी इरकल नेसली होती, बारशाची. आपल्या गाड्यांत चालकाशेजारच्या, म्हणजे डावीकडच्या माणसाचा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला येतो. आपल्या साडीचा पदरही उजव्या कमरेकडून निघून डाव्या खांद्यावर जातो. त्या दाणेदार फोटोत रंग नव्हते. होती ती आईच्या छातीवरून तिरकी गेलेली एक गडद, सरळ कडेची पट्टी. इरकलीचा काठ.

यंत्रानं खरोखर तो काठच पट्टा म्हणून धरला, की शेजारच्या माणसाकडे त्यानं पाहिलंच नाही, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण प्रिंट हातात धरून मी स्वतः दोनदा फसले. अण्णांना सांगितलं, "अण्णा, यंत्राला वाटलं असेल आईनं पट्टा लावलाय. तो तिचा पदर आहे."

आई ओट्याशी भाजी निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "पदर धरून ठेवणार हाय व्हय मला?"

एवढंच म्हणाली. पण तिच्या तोंडून पट्ट्याबद्दलचं ते पहिलं वाक्य होतं, चौदा वर्षांनंतरचं. अण्णांनी प्रिंट पालथी केली आणि उठून बाहेर गेले.

मी या कॅमेऱ्यांच्या बाजूची आहे. अगदी मनापासून. माझ्या वहीतल्या गणितानं, माझ्या रडण्यानं, मामाच्या जाण्यानंही जे झालं नाही ते एका फोटोनं घडायला सुरुवात झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि म्हणूनच ते कॅमेरे नीट असावेत, न्यायानं चालावेत, असं मला इतरांपेक्षा जास्त वाटतं. आमच्या शाळेतल्या एक मॅडम पट्टा लावून गाडी चालवत होत्या, वरून ओढणी होती, तरी त्यांना चलान आलं. फोटो मोठा करून पाहिला तर मानेपाशी, खांबातून निघालेला पट्टा बोटभर दिसत होता. माणसानं पाहिला असता तर दिसला असता. त्यांनी तक्रार केली, दोन महिने उत्तर आलं नाही, मग एक दिवस चलान रद्द झालं, का झालं ते कुणी कळवलं नाही. दोन महिने त्या मॅडम स्टाफरूममध्ये ‘हे कॅमेरे म्हणजे लूट आहे’ असं म्हणत होत्या आणि त्यांचं ऐकून चारजण तसंच म्हणायला लागले. एक चुकलेलं चलान किती पट्टे सोडायला लावत असेल! यंत्राला शिकवताना साडी नेसलेल्या, ओढणी घेतलेल्या, डोक्यावरून पदर ओढलेल्या किती बायका दाखवल्या होत्या, हे मला विचारावंसं वाटतं. आपल्या रस्त्यावरचं यंत्र आपल्या माणसांवर शिकलेलं हवं.

नियमांत याची तजवीज अगदीच नाही असंही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्यांना मान्यतेचा दाखला हवा, पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा फलक हवा, गुन्ह्यानंतर १५ दिवसांत नोटीस जायला हवी. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १ जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यावरून पट्ट्याचा दंड होतो. तिथं संगणकानं संशयित म्हणून काढलेला फोटो आधी माणूस तपासतो, मगच दंड. आणि ज्या फोटोत काही गैर नाही, तो कायमचा पुसला जातो. अण्णांच्या "हा वरनं फोटो काढणारा कोण?" या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं. फोटो काढणारा कोण, तो कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. आपल्या गाडीच्या काचेआड माणूस डबा उघडतो, भांडतो, रडतो. ते पाहण्याचा अधिकार घ्यायचा तर तेवढ्याच जबाबदारीनं घ्यावा.

केरळमध्ये हे काम आपल्या आधी, आणि राज्यभर झालं. ५ जून २०२३ पासून ७२६ कॅमेरे, त्यातले ६७५ हेल्मेट आणि पट्टा पाहणारे. तिथंही ओरड झाली, कंत्राटावरून राजकारण झालं. पण मी अण्णांना त्यातली एकच गोष्ट सांगितली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून केरळनं बसच्या चालकांनाही पट्टा सक्तीचा केला, त्यांच्या एसटीच्या चालकांनासुद्धा. अण्णा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "सगळ्यास्नी?" "सगळ्यांना." "मग बरं केलं," ते म्हणाले. त्यांचा तो ‘एसटीत कुठं होता पट्टा’ मी त्यानंतर ऐकलेला नाही.

त्याच दुपारी मी त्यांना कायदा वाचून दाखवला. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आलं, १००० रुपये दंडाचं. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्यात. जो स्वतः पट्टा न लावता गाडी चालवेल तो, आणि जो पट्टा न लावलेल्या प्रवाशांना घेऊन जाईल तोही. पुढच्या पोटकलमात चौदा वर्षांखालची मुलं आहेत, त्यांची जबाबदारीही चालवणाऱ्याचीच. मी कलम वाचत होते ते दंड दाखवायला. अण्णांनी त्यातून वेगळंच ऐकलं.

"म्हणजे पॅसेंजर चालकाच्या अंगावर," ते म्हणाले.

"हो."

"ते तर पैल्यापासनं हायच."

ते मनाशी काहीतरी ठरवत असल्यासारखे गप्प झाले. मीही पुढे बोलले नाही. बापाला शिकवण्याचा मोह आवरायला मला चाळिशी गाठावी लागली.

दिवाळीत आम्ही सगळे डोंबिवलीला जमलो होतो. परतताना अण्णांच्या गाडीत पुढे मी, मागे आई आणि माझी दहा वर्षांची लेक. मागच्या सीटवर आईनंच शिवलेलं निळं कव्हर आहे. पाहते तर त्याला दोन ठिकाणी नवीन काप दिलेला, काजं करतात तसा, कडेनं दुहेरी टाका घातलेला, आणि त्यातून दोन काळी बक्कलं वर आलेली. आईला मी काही विचारलं नाही. टाका तिचाच होता.

अण्णांनी पट्टा ओढला. कट्. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, डावा हात गिअरवर गेला आणि तिथंच थांबला. मी माझा लावला. कट्. मागून लेकीचा आवाज आला, कट्, तिला तो आवाज फार आवडतो. गाडी हलली नाही. बहीण बाळाला घेऊन फाटकाशी उभी होती, हात हलवून हलवून दमली होती.

"आई, तुझा?" मी मागे वळून विचारलं.

आईनं पदर खांद्यावरून काढून कमरेला खोचला होता. पट्टा ओढून आणला होता, पण पत्रा बक्कलात जात नव्हता. कापाचा एक धागा मध्ये येत होता. माझी लेक वाकली, दोन बोटांनी तो धागा बाजूला धरला. "आता दे आज्जी." आईनं दाबलं. एकदा, मग जोर लावून पुन्हा. कट्.

अण्णा आरशात पाहत होते. "झालं?"

लेकीनं पुढच्या सीटच्या पाठीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, टक् टक्. तिला हे कधी शिकवलं होतं त्यांनी, मला माहीत नाही.

अण्णांनी पहिला गिअर टाकला.